कॅमेरा घ्यायचा, पण कितीचा?

दिवाळी संपली आणि ताईचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर ती मुद्द्यावर आली. भाच्याला लग्नसमारंभाचे फोटो काढण्याचा व्यवसाय सुरू करायचा आहे. त्यासाठी त्याने दुकानात एक महागडा फुल-फ्रेम कॅमेरा बघून ठेवला आहे. ताईची रिकरिंग ठेव पुढच्या महिन्यात पुरी होते. ती सगळी मोडायची आणि उरलेल्या रकमेचे हप्ते पाडायचे, असा बेत. ‘‘तू विज्ञानावर लिहितोस ना? मग याला सांग, एवढा महागाचा कॅमेरा खरंच लागतो का? साध्यात फोटो निघत नाहीत का?’’

मागून भाच्याचा आवाज आला, ‘‘मामा, तुम्हीच आईला समजावा. साध्या कॅमेऱ्यात रात्रीचे फोटो खराब येतात.’’

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. असा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो. कुणाला पक्ष्यांचे फोटो काढायचे असतात, कुणाला निवृत्तीनंतर छंद म्हणून कॅमेरा हवा असतो, कुणाला त्यावर पोट भरायचे असते. दुकानात गेले की एका बाजूला साधा, सुरुवातीचा डीएसएलआर दिसतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या तिप्पट-चौपट किमतीचा. बाहेरून दोघे भाऊ-भाऊ वाटतात. मग जास्तीचे पैसे नेमके कशासाठी मोजायचे? याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही, पण बारावीच्या भौतिकशास्त्रात बरेचसे सापडते.

डीएसएलआर म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर वळवून डोळ्यापर्यंत पोहोचवणारा कॅमेरा. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. अलीकडे कंपन्यांनी आपला मोर्चा आरसा नसलेल्या ‘मिररलेस’ कॅमेऱ्यांकडे वळवला आहे. त्यामुळे जुन्या बाजारात चांगले डीएसएलआर भरपूर येतात. पुढे प्रकाश, सेन्सर आणि लेन्सबद्दल जे लिहिले आहे, ते मिररलेस कॅमेऱ्यांनाही तसेच लागू पडते.

तुलनेसाठी आपण एकाच कंपनीचे दोन कॅमेरे घेऊ. निकॉनचा डी३५०० हा २०१८ साली आलेला, सुरुवात करणाऱ्यांसाठीचा. डी७५० हा २०१४ साली आलेला, फुल-फ्रेम आणि किमतीने बराच वरचा. गंमत म्हणजे दोघेही २४ मेगापिक्सेलचेच आहेत.

मेगापिक्सेलचे गणित

दुकानदार सगळ्यात आधी मेगापिक्सेल सांगतो. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, तेव्हा त्याचे चित्र आडवे १०० आणि उभे १०० ठिपक्यांचे, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेलचे होते. त्या काळापासून हा आकडा वाढणे म्हणजेच प्रगती, असे आपल्या मनात बसले. पण आपल्याला लागतात किती?

निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा दिसतो. फोटो ३० सेंटीमीटरवर धरला, तर हा बारकावा सुमारे ०.०९ मिलिमीटरचा होतो. म्हणजे एका इंचात तीनशेच्या आसपास ठिपके असले की त्याहून जास्त डोळ्याला कळत नाहीत. छपाईत ‘३०० डीपीआय’ हा आकडा रूढ आहे, त्याचा डोळ्याच्या या मर्यादेशी असा मेळ बसतो. या हिशेबाने ६ बाय ४ इंचांच्या फोटोला दोन मेगापिक्सेलच्या थोडे वर लागतात. ए-फोर कागदाला पावणेनऊ. लग्नाच्या अल्बमच्या १२ बाय १८ इंचांच्या भल्यामोठ्या पानाला साडेएकोणीस. घरातल्या फुल एचडी टीव्हीवर तर दोनच मेगापिक्सेल दिसतात. रस्त्यावरचे होर्डिंग मोठे असते खरे, पण ते आपण दहा-वीस मीटरवरून पाहतो. दहा मीटरवरून सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका वेगळा दिसतच नाही.

दुसरी गोष्ट, मेगापिक्सेल दुप्पट झाले म्हणजे फोटोतला बारकावा दुप्पट होत नाही. ते लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांना वाटले जातात. त्यामुळे १२ वरून २४ वर गेल्यावर प्रत्येक दिशेला बारकावा फक्त १.४ पट वाढतो. सारांश असा की २४ मेगापिक्सेल भाच्याच्या अल्बमला पुरतात आणि ते स्वस्त कॅमेऱ्यातही आहेत. या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायचे कारण नाही.

अंगणातल्या वाट्या

मग ‘रात्रीचे फोटो खराब येतात’ या तक्रारीचे काय? ती खरी आहे. त्यामागचे कारण समजायला पाऊस आठवावा.

अंगणात शंभर वाट्या मांडल्या आणि चार थेंब आले न आले अशी भुरभुर झाली, तर एखाद्या वाटीत तीन थेंब पडतील, शेजारच्या वाटीत सात. वाट्या सारख्याच, पण पाणी कमी-जास्त. तासभर मुसळधार कोसळला, तर मात्र सगळ्या वाट्या जवळजवळ सारख्या भरतील. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने, फोटॉनच्या रूपात येतो. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल ही एक वाटी. एका पिक्सेलमध्ये सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर त्यांत साधारण १० फोटॉनचा, म्हणजे दहा टक्क्यांचा चढउतार असतो. १०,००० पडत असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे एकच टक्का. अंधारात काढलेल्या फोटोत गालावर, भिंतीवर जी रवाळ खर दिसते, ती मुख्यतः या चढउताराची. कंपनी कितीही हुशार असली, तरी निसर्गाचा हा नियम तिला मोडता येत नाही. जास्त प्रकाश गोळा करणे, हाच त्यावरचा खरा उपाय.

इथे ‘आयएसओ’बद्दलचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. आयएसओ वाढवल्याने कॅमेऱ्यात जास्त प्रकाश येत नाही. आलेला प्रकाश फक्त मोठा करून दाखवला जातो. दूरचे रेडिओ केंद्र लावून आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसेच हे.

आता दोन्ही सेन्सरची मापे पाहू. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. डी३५०० मधला साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ काढले, तर फुल-फ्रेम २.३६ पट मोठा भरतो. दोन्हीकडे पिक्सेल तेवढेच, म्हणजे मोठ्या सेन्सरवरची प्रत्येक वाटी तेवढ्या पटीने रुंद. तीच चौकट, लेन्सचा एफ-आकडा तोच आणि शटर तेवढाच वेळ उघडे असेल, तर मोठ्या सेन्सरला २.३६ पट प्रकाश मिळतो आणि खर साधारण दीड पटीने कमी होते. महाग कॅमेऱ्याचा रात्रीचा फायदा आहे तो एवढा. छायाचित्रकारांच्या भाषेत सव्वा स्टॉप.

खिडकी किती मोठी?

पण प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचतो तो लेन्समधून. साध्या कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स पेटीतच मिळते, ती बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरची झूम. तिच्यावर ३.५-५.६ असे आकडे असतात. ५५ वर नेल्यावर तिचे छिद्र एफ/५.६ होते. म्हणजे ५५ भागिले ५.६, जेमतेम दहा मिलिमीटर. शर्टाच्या गुंडीएवढी खिडकी.

याच कॅमेऱ्याला ५० मिलिमीटर एफ/१.८ अशी, झूम नसलेली छोटी लेन्स मिळते. लेन्सच्या दुनियेतली ती सगळ्यांत स्वस्त वस्तूंपैकी एक. तिचे छिद्र ५० भागिले १.८, म्हणजे २८ मिलिमीटर. दहा रुपयांच्या नाण्याएवढी खिडकी. प्रकाशाचा हिशेब एफ-आकड्यांच्या वर्गाने होतो. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला, तर उत्तर येते ९.७. जवळजवळ दहा पट प्रकाश!

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. लाखाच्या घरातला मोठा सेन्सर देतो २.३६ पट. त्या मानाने किरकोळ किमतीची लेन्स देते ९.७ पट. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर सर्व पैसे खर्च झाले आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या एफ/४.५ च्या साध्या झूमवर भागवावे लागले, तर एफ/१.८ ची लेन्स लावलेल्या साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरला त्याच्याहून अडीच पटींपेक्षा जास्त प्रकाश मिळतो. भाच्याच्या बेतात नेमके हेच होणार होते. कॅमेरा घेतल्यावर लेन्ससाठी त्याच्या खिशात काही उरत नव्हते.

मोठ्या खिडकीची किंमतही मोजावी लागते. छिद्र मोठे केले की स्पष्ट दिसणारा थर पातळ होतो. डी३५०० वर ही लेन्स एफ/१.८ ला ठेवून दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर जेमतेम ११ सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. नवरीचे डोळे छान येतील, पण मागे उभ्या असलेल्या आत्या आणि मावशी धूसर होतील. दोन रांगांचा घरचा ग्रुप फोटो असा काढता येत नाही. तिथे छिद्र लहान करून वेगळा फ्लॅश लावावा लागतो आणि तो पांढऱ्या छताकडे वळवला, तर प्रकाश मऊ पसरतो. म्हणजे लेन्सच्या जोडीला फ्लॅशचाही खर्च धरला पाहिजे.

घरातली परीक्षा

कागदावरचे गणित भाच्याला पटेना. म्हणून एका छायाचित्रकार मित्राकडून दोन्ही कॅमेरे एका रविवारपुरते मागून आणले. सकाळी गच्चीत ताईचे फोटो काढले. रात्री दिवाणखान्यात एकाच दिव्याच्या उजेडात तीच खुर्ची, तीच साडी, शटरचा वेळही तोच, सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. साध्या कॅमेऱ्यावर आधी पेटीतली झूम, नंतर ५० ची लेन्स. मोठ्या कॅमेऱ्यावर झूम, आणि तिचे छिद्र मुद्दाम एफ/५.६ ला ठेवलेले. स्टुडिओतून सगळ्यांचे सारख्याच आकाराचे प्रिंट काढून आणले आणि पाठीमागे फक्त खुणेचे आकडे लिहिले.

सकाळचे फोटो घरात कुणालाच ओळखता आले नाहीत. भाचा तर दोनदा चुकला. रात्रीच्या झूमच्या फोटोंत मात्र मोठा कॅमेरा सरळ उजवा ठरला. साध्या कॅमेऱ्याच्या प्रिंटवर साडीच्या काठाची वीण खरीत हरवली होती. भाचा म्हणाला, ‘‘बघा, मी सांगत होतो.’’ मग तिसरा प्रिंट पुढे ठेवला. ५० च्या लेन्समुळे आयएसओ ६४०० वरून ६४० पर्यंत उतरला होता. काठाची वीण परत आली होती. तो प्रिंट ताईने उचलला आणि विचारले, ‘‘हा त्या महागाचा ना?’’ तो साध्याचा होता.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे?

महाग कॅमेरा म्हणजे निव्वळ दिखावा, असा निष्कर्ष यावरून काढायचा नाही. त्याचे पैसे बरेचदा फोटोच्या दर्जापेक्षा कामाच्या सोयीसाठी आणि खात्रीसाठी असतात.

डोळा लावायच्या खिडकीपासून सुरुवात करू. साध्या कॅमेऱ्यात आतले चित्र सरळ करायला आरशांची जुळणी असते, महागात भरीव काचेचा लोलक. त्यामुळे चित्र जास्त उजळ दिसते. साध्यात चौकटीचा ९५ टक्के भाग दिसतो, डी७५० मध्ये पूर्ण १०० टक्के. फोकस साधणारे बिंदू डी३५०० मध्ये ११, तर डी७५० मध्ये ५१. बसलेल्या माणसाला फरक पडत नाही. उडणाऱ्या बगळ्याला किंवा वरातीत नाचणाऱ्या मंडळींना पडतो. महाग कॅमेऱ्याला बोटांखाली दोन चक्रे असतात, त्यामुळे शटर आणि छिद्र नजर न हलवता बदलता येतात. धूळ-पाण्यापासून सांध्यांना संरक्षण जास्त असते. शटर सुमारे दीड लाख वेळा उघडझाप करेल अशा बेताने तपासलेले असते, साध्यात सुमारे एक लाख. एका लग्नात दोन हजार फोटो धरले, तर एक लाख म्हणजे पन्नास लग्ने.

डी३५०० मध्ये फोकस फिरवणारी मोटर नाही, ती लेन्समध्ये असावी लागते. स्वस्त मिळते म्हणून जुनी लेन्स घेतली, तर फोकस हाताने फिरवत बसावे लागेल. दुकानात हे स्पष्ट विचारून घ्यावे.

लग्नाच्या कामात मात्र सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे, मेमरी कार्डाच्या दोन खाचा. डी७५० एकच फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहू शकतो. साध्या कॅमेऱ्यात एकच कार्ड. कार्डे क्वचित बिघडतात, पण बिघडले तर मंगलाष्टके पुन्हा म्हणता येत नाहीत आणि सप्तपदी पुन्हा घालता येत नाही. स्वतःसाठी फोटो काढणाऱ्याचे कार्ड गेले, तर हळहळ वाटेल. पैसे घेऊन काम करणाऱ्याचे गेले, तर एका कुटुंबाचा दिवसच गेला. रात्रीच्या खरीपेक्षा हा मुद्दा भारी आहे, आणि भाच्याच्या यादीत तो नव्हताच.

मान, खांदा आणि हात

या सदरात आरोग्याची बाजू सोडून चालणार नाही. डी३५०० बॅटरी, कार्ड आणि पेटीतली झूम धरून सव्वासहाशे ग्रॅमच्या आत राहतो. डी७५० ला लग्नात वापरतात तशी २४ ते ७० मिलिमीटरची एफ/२.८ लेन्स लावली, तर वजन पावणेदोन किलोच्या आसपास जाते. हे वजन गळ्यातल्या पट्ट्याने सहा-आठ तास मानेवर राहिले, तर मान आणि खांदे बोलू लागतात. ज्यांना मानेचा त्रास आधीपासून आहे, त्यांनी पट्टा खांद्यावरून तिरका घ्यावा, भार कमरेकडे जाऊ द्यावा. साठीनंतर छंद म्हणून घेणाऱ्यांनी तर दुकानात कॅमेरा लेन्ससह दहा मिनिटे डोळ्याला लावून धरून पाहावा. जड म्हणून कपाटात राहिलेला कॅमेरा कितीही चांगला असला, तरी त्याचा उपयोग नाही.

हाताचा बारीक कंप प्रत्येकाला असतो, निरोगी माणसालाही. सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा. म्हणून कोपर अंगाशी टेकवावे, डावा तळहात लेन्सखाली धरावा. अनेक फोटो कॅमेऱ्यामुळे नाही, हात हलल्यामुळे फसतात. चष्मा असलेल्यांनी डोळ्याच्या खिडकीशेजारचे छोटे चक्र आपल्या नंबराप्रमाणे फिरवून घ्यावे.

पावसाळ्याची बुरशी

आपल्याकडे कॅमेऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने कपाटात बंद राहिलेल्या लेन्सच्या आत बुरशीचे जाळे वाढते. ती काचेवरच्या लेपाला कायमचे ओरखडे पाडू शकते. बुरशीला महाग-स्वस्त कळत नाही. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मापक, एवढ्यावर काम भागते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. सिलिका जेलचा रंग बदलला की ते गरम करून वाळवावे. तांदळात ठेवू नये, त्याचा पिठूळ भुसा आत जातो. चामड्याच्या पिशवीत तर अजिबात नाही, ती ओल धरून ठेवते. एसी हॉलमधून बाहेर दमट हवेत येताना कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच राहू द्यावा, नाहीतर काचेवर दव धरते.

ठरवायचे कसे?

आधी स्वतःला विचारावे की फोटो कशाचे, किती उजेडात आणि कुणासाठी काढायचे आहेत. सहली, घरचे समारंभ, मुलांचे वाढदिवस यांसाठी साधा कॅमेरा आणि एफ/१.८ ची लेन्स पुरेशी आहे. पक्ष्यांसाठी पैसा लांब पल्ल्याच्या लेन्सवर जास्त लावावा. गंमत अशी की लहान सेन्सरमुळे ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० सारखी चौकट देते, तिथे साधा कॅमेरा उलट सोयीचा पडतो. एकूण रकमेतला मोठा वाटा लेन्ससाठी राखावा. कॅमेऱ्याची किंमत काही वर्षांत झपाट्याने उतरते, चांगली लेन्स तुलनेने टिकून राहते. जुना कॅमेरा घेत असाल, तर शटर किती वेळा उघडले हे पाहून घ्या. निकॉनच्या फोटो-फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो. लेन्समधून दिव्याकडे पाहून बुरशीचे जाळे आहे का तेही तपासा.

भाच्याने शेवटी जुना साधा कॅमेरा, ५० ची लेन्स, एक फ्लॅश आणि एक घट्ट झाकणाचा डबा घेतला. ठेवीतले निम्म्याहून जास्त पैसे ताईच्या खात्यात राहिले. पहिले वर्ष त्याने गावातल्या एका अनुभवी छायाचित्रकाराच्या हाताखाली काढायचे, स्वतःच्या नावावर लग्नाचे काम घ्यायचे नाही, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले. ज्या दिवशी घेईल, त्या दिवशी हातात दोन कार्डांचा कॅमेरा असला पाहिजे. मग तो विकत घेतलेला असो की भाड्याने आणलेला.

गेल्या आठवड्यात त्याने तुळशीच्या लग्नातले काही फोटो पाठवले. पणत्यांच्या उजेडात उसाच्या मांडवाखाली बसलेली ताई त्यात होती. खाली एवढेच लिहिले होते, ‘‘मामा, फ्लॅश लावला नव्हता.’’